रस्त्यावरचे फोटो: कोणता दोष चालेल, ते आधी ठरवा

एक माणूस स्वतःएवढा आरसा छातीशी धरून रस्ता ओलांडत होता. आरशाच्या खाली दोन पाय, वर कपाळ आणि थोडे केस, मध्ये समोरची इमारत आणि आभाळाचा एक तुकडा. असं दृश्य रोज भेटत नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं आणि खूश होऊन घरी आलो. मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडला तेव्हा आरशाची चौकट धूसर होती, उचललेल्या पायाचा नुसता फराटा झाला होता आणि सगळ्या फोटोत एकच गोष्ट लख्ख होती: आरशातली इमारत.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. सकाळी उन्हात असताना मी त्याला एफ/८ आणि आयएसओ २०० सांगून ठेवलं होतं (हे आकडे काय, ते पुढे येतंच). नंतर सावलीत शिरल्यावर त्या बिचाऱ्याने उरलेला सगळा भार शटरवर टाकला आणि १/६० सेकंद निवडलं. ऑटोफोकसही आपल्या परीने बरोबरच होता. प्रतिबिंब आरशाच्या काचेवर नसतं. इमारत आरशापासून जितकी लांब, तितकंच ते आरशाच्या मागे आहे असं धरून फोकस करावा लागतो. माणूस ३ मीटरवर, आणि फोकस जाऊन बसला होता पंचवीस-तीस मीटरवर.

तोवर मी भेटेल त्याला विचारायचो, 'स्ट्रीटसाठी सगळ्यात चांगल्या सेटिंग्ज कोणत्या?' प्रश्नच चुकीचा होता. रस्त्यावर हवा तसा प्रकाश मागून मिळत नाही, माणसं आपल्यासाठी थांबत नाहीत. त्यामुळे काहीतरी सोडावं लागणारच. फोटो हलेल, किंवा दाणेदार होईल, किंवा मागचं-पुढचं धूसर होईल. यातलं काय खपवून घ्यायचं आणि काय मुळीच नाही, हे बाहेर पडतानाच ठरवायचं. सेटिंग्ज त्यातून आपोआप निघतात.

दोन दारं आणि एक आवाजाचं बटण

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर, प्रकाश दोनच वाटांनी कमी-जास्त होतो. भिंगातलं भोक किती मोठं, म्हणजे ॲपर्चर. ते एफ/८ असं लिहितात, आणि आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. आणि ते किती वेळ उघडं, म्हणजे शटर स्पीड. आयएसओ ही तिसरी वाट नाही. जमा झालेला प्रकाश कमी पडला तर कॅमेरा तो संदेश वाढवून दाखवतो, एवढंच आयएसओचं काम. रेडिओवर केंद्र नीट लागत नसताना आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसंच.

छायाचित्रकार या तिघांचा हिशोब 'स्टॉप'मध्ये करतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश. १/२५० वरून १/५०० ला गेलात, एक स्टॉप गेला. एफ/८ वरून एफ/५.६ ला आलात, एक स्टॉप परत मिळाला. आयएसओ ४०० चं ८०० केलंत, तरी फोटो तेवढाच उजळला. एका हाताने घालवलं ते दुसऱ्या हाताने भरून काढायचं.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत याचा त्रिकोण काढून दाखवतात. मला तो त्रिकोण फारसा आवडत नाही. तिन्ही बाजू सारख्या वजनाच्या आहेत असा त्यातून समज होतो. रस्त्यावर त्या सारख्या नसतात. तिथे शटर घरातला थोरला, ॲपर्चर मधला, आणि आयएसओ धाकटा: उरलेलं सगळं निमूटपणे त्यानेच करायचं.

थोरला: शटर

जरा आकडेमोड करू, कारण 'वेगवान शटर ठेवा' या सल्ल्याने काहीच कळत नाही. माणूस साध्या चालीने तासाला ५ किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. १/६० सेकंदात तो २३ मिलिमीटर पुढे सरकतो. १/२५० मध्ये साडेपाच, १/५०० मध्ये तीनपेक्षा किंचित कमी, १/१००० मध्ये दीड मिलिमीटरदेखील नाही.

आता हे फोटोत किती दिसेल? २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा, ३५ मिलिमीटरची लेन्स आणि माणूस ३ मीटरवर, असं धरा. त्या अंतरावर फ्रेमची रुंदीही साधारण ३ मीटर भरते आणि ती ६००० पिक्सेलांत वाटली जाते. म्हणजे एक पिक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. समोरून आडवा जाणारा माणूस १/६० ला पंचेचाळीसेक पिक्सेल फासला जाईल, १/२५० ला अकरा, १/५०० ला पाच-सहा. अकरा पिक्सेल मोबाइलच्या स्क्रीनवर कळणारही नाहीत, पण मोठी छपाई करायला गेलात तर डोळ्यांच्या कडा मऊ पडलेल्या दिसतील. माझा आरसेवाला पंचेचाळीसमध्ये गेला.

या गणितातून दोन-तीन गोष्टी आपसूक कळतात. माणूस ६ मीटरवर असेल तर फासणं निम्म्यावर येतं, म्हणजे जितकं जवळ जाल तितकं शटर वेगवान हवं. तोच माणूस आडवा न जाता सरळ तुमच्याकडे चालत येत असेल तर चित्रात तो फारसा सरकतच नाही, त्यामुळे १/१२५ लाही निभावतं. आणि सायकलवाला चालणाऱ्याच्या तिप्पट वेगाने जात असेल तर त्याच्यासाठी १/१००० च्या पुढेच जायला हवं.

'फोकल लेन्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) खाली लिहा, वर एक लिहा, झालं शटर' असा एक जुना नियम आहे: ५० मिलिमीटरला १/५०. तो नियम खोटा नाही, पण तो तुमच्या हाताच्या थरथरीसाठी आहे. समोरच्याच्या चालण्याशी त्याचा संबंध नाही. कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनचं, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीचंही तेच. भिंत, खांब, पाटी सगळं स्थिर येईल आणि त्यांच्यासमोरून माणूस भुतासारखा जाईल.

म्हणून दिवसा मी १/५०० ला सुरुवात करतो. प्रकाश उतरला की १/२५०. १/१२५ च्या खाली अपघाताने जायचं नाही, ठरवून जायचं. ठरवून गेलात तर मात्र मजा आहे. १/१५ ला सायकलवाल्याबरोबर कॅमेरा फिरवला की तो बऱ्यापैकी जागच्या जागी राहतो आणि मागचं जग रेघांचं होतं. खांबाला पाठ टेकवून श्वास रोखला आणि १/४ ला फोटो काढला तर गर्दी पाण्यासारखी वाहते आणि त्यात वाट पाहत उभा असलेला एकटा माणूस तेवढा ठाम दिसतो.

आणि हललेला प्रत्येक फोटो फेकायचा नसतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे काढलेला, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो आठवा. टाच पाण्याला टेकणार एवढ्यात थांबलेली. तो माणूस स्पष्ट नाही, हललेलाच आहे. आजच्या एखाद्या परीक्षकाने शंभर टक्के झूम करून पाहिला असता तर नाकच मुरडलं असतं. पण तिथे हलणं हेच उडीचं उडीपण आहे. माझ्या फोटोत ते निव्वळ बेसावधपण होतं.

मधला: ॲपर्चर, आणि फोकस आधीच लावून ठेवणं

'एफ/८ लावा आणि तिथे हजर राहा' अशा अर्थाची एक म्हण न्यूयॉर्कच्या वीजी या वृत्तछायाचित्रकाराच्या नावावर सांगितली जाते. गंमत अशी की रात्रीच्या खून-आगीच्या जागी पोचणाऱ्या या गृहस्थाची ठरलेली सेटिंग वेगळीच होती: भला मोठा प्रेस कॅमेरा, फ्लॅशचा बल्ब, एफ/१६, १/२०० सेकंद आणि फोकस कायम १० फुटांवर. म्हण त्याची असो वा नसो, सवय मात्र शिकण्यासारखी आहे. अंधारात, धावपळीत, पोलिसांच्या गराड्यात त्याला एकही निर्णय घ्यायचा नव्हता. १० फुटांवर जाऊन उभं राहणं, बस्स.

यालाच झोन फोकसिंग म्हणतात. फोकस एका अंतरावर लावून ठेवायचा, ॲपर्चर लहान ठेवायचं आणि त्यामुळे पुढे-मागे जो पट्टा स्पष्ट मिळतो त्या पट्ट्यात माणसं येऊ द्यायची. भोक लहान असलं की किरणं बारीक कोनातून येतात, त्यामुळे फोकस थोडा चुकला तरी ठिपक्याचा डाग फार मोठा होत नाही. डोळे किलकिले केल्यावर लांबची पाटी वाचता येते, तेच हे.

पट्टा किती रुंद? फुलफ्रेमवर ३५ मिलिमीटर लेन्स, एफ/८, फोकस ३ मीटरवर: अंदाजे १.९ ते ७.३ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट. तीच लेन्स एफ/२ ला उघडलीत तर पट्टा २.६ ते ३.५ मीटर एवढाच उरतो, म्हणजे एका पावलात माणूस बाहेर. २८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ ला ३.३ मीटरवर लावली तर १.७ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं आत येतं. ५० मिलिमीटरला मात्र हा खेळ अवघड होतो. एफ/८ लाही ३ मीटरवर पट्टा २.३ ते ४.२ इतकाच. रस्त्यावरच्या मंडळींना २८ आणि ३५ का प्रिय, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असेल तर २३ मिलिमीटरची लेन्स एफ/५.६ ला जवळपास तोच पट्टा देते जो फुलफ्रेमवर ३५ ला एफ/८ मध्ये मिळतो. म्हणजे लहान सेन्सरवाल्यांनी एफ/८ च्या मंत्राला चिकटून एक स्टॉप प्रकाश वाया घालवू नये. मोबाइलमध्ये सेन्सर इतका छोटा की मुख्य लेन्सला हा प्रश्न फारसा पडतच नाही, आणि बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर बदलताही येत नाही. तिथे फक्त शटरकडे लक्ष द्या.

राहतं ३ मीटर ओळखणं. टेप घेऊन कोणी फिरत नाही. ३५ मिलिमीटर असेल तर एक सोपी खूण आहे: कॅमेरा आडवा धरल्यावर उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये जेमतेम मावला, वर-खाली मिळून वीतभर जागा उरली, की तो ३ मीटरच्या आसपास आहे. २८ ला हेच सुमारे २.४ मीटरवर घडतं, ५० ला ४.२ वर. आठवडाभर माणसं न्याहाळत हिंडलात की कॅमेरा न उचलताच अंतर कळायला लागतं. ही एकच सवय मला कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडली.

याचा अर्थ ऑटोफोकस टाकाऊ झाला, असं मी म्हणणार नाही. आजचे कॅमेरे डोळा शोधून धरतात, तेही गर्दीत. संध्याकाळी एफ/२ ला एकाच चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर झोन फोकस करत बसणं हा हट्टीपणा. पण काच, आरसा, पावसाच्या धारा, जाळी, मधूनच आडवा जाणारा खांदा, कॅमेरा कमरेशी धरून न बघता काढलेला फोटो, अशा ठिकाणी ऑटोफोकस नको त्याला धरतो किंवा पुढे-मागे चाचपडत राहतो. रिकोच्या जीआर कॅमेऱ्यांत तर यासाठी स्नॅप फोकस नावाची सोयच आहे: बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस न शोधता आधी ठरवलेल्या अंतरावर जातो.

धाकटा: आयएसओ

नवशिक्यांना सगळ्यात जास्त भीती याची वाटते, आणि ती सगळ्यात कमी कामाची आहे.

दाणे, म्हणजे नॉइज, मुख्यतः आयएसओचा आकडा वाढवल्यामुळे येत नाहीत. ते प्रकाश कमी पडल्यामुळे येतात. कोरड्या फरशीवर पावसाचे पहिले थेंब पडताना पाहा. एका फरशीवर चार, शेजारच्या फरशीवर नऊ. सगळं ठिपक्याठिपक्यांचं. पाऊस तासभर पडला की दोन्ही सारख्याच ओल्या. पिक्सेलांवर प्रकाशकण असेच पडतात. सरासरी १०० कण पडत असतील तर पिक्सेलापिक्सेलात १० चा फरक पडतो, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडत असतील तर फरक १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. वेगवान शटर आणि लहान ॲपर्चर म्हणजे पाऊस थोडाच वेळ, थोडाच. ठिपके दिसणारच.

दिसू देत. हललेला चेहरा कुठलंही सॉफ्टवेअर खरंखुरं सरळ करू शकत नाही. दाणे मात्र बऱ्यापैकी कमी करता येतात, आणि नाही केले तरी बिघडत नाही. फिल्मच्या काळातल्या लोकांनी हा सौदा केव्हाच केला होता. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड आयएसओ ४०० ची ट्राय-एक्स फिल्म १२०० ची समजून वापरायचा, १/१००० चं शटर मिळावं म्हणून. जपानमध्ये दाइदो मोरियामा या छायाचित्रकाराने तर दाण्यांनाच आपली भाषा केली.

म्हणून माझी रोजची मांडणी अशी: मोड एम (मॅन्युअल), शटर १/५००, एफ/८, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. मी दोन गोष्टी ठरवल्या, तिसरी कॅमेऱ्यावर सोडली. भर उन्हात आयएसओ १२५ च्या आसपास राहतो, पातळ ढगाळ हवेत ५०० च्या, मोकळ्या सावलीत २००० च्या. उन्हातून सावलीत गेलो तरी मला काही फिरवावं लागत नाही. ॲपर्चर प्रायॉरिटीची, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवून शटर कॅमेऱ्यावर सोडण्याची, सवय असेल तर ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड १/५०० लिहून टाका, परिणाम जवळपास तोच.

रात्री हे चालत नाही. दिव्यांनी उजळलेल्या रस्त्यावरही एफ/८ आणि १/५०० ठेवलं तर आयएसओ २५,००० च्या पुढे पळतो. तेव्हा एफ/२, १/२५०, आणि आयएसओ जाईल तिथे जाऊ द्यायचा, बहुधा ८०० ते ६४०० च्या मधे. पट्टा अरुंद होतो, म्हणजे इथे ऑटोफोकसला परत बोलवायचं. दोष बदलला, ठरवण्याची पद्धत तीच.

मीटर भोळा असतो

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे असं मानतो. पांढरी भिंत दाखवा, तो तिला मळकी करेल. रात्रीची काळी गल्ली दाखवा, तो तिला संध्याकाळ करेल. रस्त्यावर कवडशात माणूस आणि भोवती गडद सावली असं दृश्य फार वेळा येतं. मीटर सावलीकडे पाहून सगळं उजळवतो आणि नेमका कवडशातला चेहरा पांढराफटक होतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, सावलीतून बरंच वर काढता येतं, पण पूर्ण पांढऱ्या झालेल्या जागी काही उरलेलंच नसतं. त्यामुळे कडक उन्हात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करणारी सेटिंग, उणे दोन तृतीयांश स्टॉप, कवडसा अगदीच तीव्र असेल तर उणे एक किंवा दीड. बर्फ, धुकं किंवा पांढऱ्या भिंती असतील तर उलट, अधिक बाजूला. उणेची खूण लावून ठेवली आणि ढग आले की परत शून्यावर आणायचं विसरतो, हा माझा जुना रोग आहे.

एक खोडी मात्र माहीत असलेली बरी. आवाज होऊ नये म्हणून पुष्कळ जण इलेक्ट्रॉनिक शटर लावतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ते सेन्सर एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतं. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्याला कळत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला कळतं आणि फोटोभर आडवे पट्टे उमटतात. भुयारी मार्गात, स्टेशनात, दुकानांच्या उजेडात असे पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटरवर या, किंवा शटर १/१०० ला (६० हर्ट्झच्या भागात १/१२० किंवा १/१२५ ला) आणा. वेगाने जाणारी बसही इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये तिरकी झालेली दिसते, ती याच कारणाने.

बाकी किरकोळ. फोकसची बीप बंद. फोकसला मदत करणारा पुढचा छोटा दिवा बंद, नाहीतर तो समोरच्याच्या डोळ्यांत चमकतो आणि क्षण संपतो. काढलेला फोटो लगेच स्क्रीनवर दाखवणंही बंद; आपण तो बघत बसतो आणि पुढचा फोटो समोरून निघून जातो. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटो, रॉ काढत असाल तर त्याचा विचारही नको.

आणि हे सगळं एका संध्याकाळी तपासून पाहा. मित्राला ३ मीटरवरून आडवं चालायला लावा, नाडीचे बूट घालून. १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, प्रत्येकी पाच-सहा फोटो. घरी पूर्ण मोठे करून फक्त बुटांकडे बघा. जमिनीवर टेकलेला पाय १/६० लाही स्पष्ट सापडेल, कारण त्या क्षणी तो खरोखरच थांबलेला असतो. उचललेला पाय अंगापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने पुढे येत असतो. माझ्या कॅमेऱ्यात त्या पायाच्या नाड्या १/२५० ला एकमेकींत मिसळल्या होत्या. १/५०० ला मोजता आल्या, आणि एक सुटलेली होती हेही तेव्हाच दिसलं.